बाळंतपणानंतर इच्छाच होत नाही, अश्वगंधा घेऊ का?

ताई, बाळ दीड वर्षाचं झालं तरी जवळ यावंसं वाटत नाही, अश्वगंधा-शतावरी सुरू करू का, असं विचारलंय तुम्ही. मी डॉक्टर नाही, पण यातून गेलेय.

सांगलीत आमचं एकत्र कुटुंब. हे हळदीच्या अडतीवर, सीझनला घरी यायला रात्रीचे दहा. कडी वाजली की मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घ्यायची. मैत्रिणीनं दिलेलं अश्वगंधाचं चूर्ण दोन महिने दुधातून घेतलं. फरक शून्य, पोट मात्र बिघडलं.

शेवटी विश्रामबागेत एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.5, म्हणजे रक्त कमी, आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) 11, म्हणजे थायरॉइड मंद. "अगं, एवढ्याशा रक्तावर जिना चढायची इच्छा व्हायची नाही, बाकीचं सोड!" म्हणून तुम्हीही चूर्णाआधी या दोन तपासण्या करा. बाळ अजून अंगावर पीत असेल तर प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, वाढलेलं आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक उतरलेलं असू शकतं. त्यानं कोरडेपणा येतो, दुखतं, आणि एकदा दुखलं की मन पुढच्या वेळी आधीच अंग चोरतं. त्याला मेडिकलमध्ये ओलावा देणारं साधं जेल मिळतं, लाजू नका. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही इच्छा मरते, पण त्या मनानं बंद करायच्या नाहीत.

आणि हो, थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, लोहाची त्यानंतर चार तासांनी. मी महिनाभर दोन्ही चहाबरोबर एकदमच गिळत होते.

वैद्यांकडेही गेले नंतर. त्यांनी पहिल्यांदा अश्वगंधा बंद केली. ती थायरॉइड संप्रेरकाचं प्रमाण वाढवू शकते, गोळी चालू असताना आपल्या मनानं घ्यायची नाही. शतावरी कल्प दिला, पण म्हणाले, चरकानं इच्छा वाढवणाऱ्यांत पहिला मान संकल्पाला, म्हणजे मनातल्या ओढीला दिलाय, आणि मारणाऱ्यांत दौर्मनस्याला, म्हणजे मन खट्टू असण्याला. मग एकदम विचारलं, "तुमच्या खोलीला आतून कडी आहे का?"

नव्हती. सासूबाई पहाटे बाळाला घ्यायला सरळ आत यायच्या, त्यामुळे रात्रभर माझा अर्धा कान दाराकडे.

रक्त भरायला चार महिने लागले. कडी त्याच रविवारी बसली. सुतार ठोकाठोक करत होता तेव्हा सासूबाईंनी काही विचारलं नाही, त्याला चहा मात्र त्यांनीच नेऊन दिला.