इंग्लंडमधल्या एखाद्या गावात सगळ्या पक्षांना हरवून अपक्षांनी नगर परिषद जिंकली आहे का?

हो, सॉमरसेटमधल्या फ्रूम गावात. २०११ साली तिथल्या काही रहिवाशांनी 'इंडिपेंडंट्स फॉर फ्रूम' नावाचा गट करून निवडणूक लढवली आणि १७ पैकी १० जागा घेतल्या. २०१५ मध्ये सगळ्या १७, २०१९ मध्ये पुन्हा सगळ्या १७!

म्हणजे गावातल्या सगळ्यांनी त्यांनाच मत दिलं असं मात्र नाही. प्रत्येक प्रभागात ज्याला जास्त मतं तो निवडून येतो, त्यामुळे इतर पक्षांना मतं पडूनही हाती एकही जागा लागली नाही. ही पद्धत मला अन्यायाचीच वाटते, आपल्या आवडीचा गट जिंकला तरी.

या गटात व्हिप नसतो, हे मला सर्वांत मोलाचं वाटतं. प्रत्येक सदस्य मुद्दा ऐकून स्वतःच्या बुद्धीने मत देतो. अधिकार तसे थोडेच: उद्यानं, भाजीपाल्याचे वाफे, सामुदायिक उपक्रम. शाळा नि रस्ते वरच्या परिषदेकडे. तरीही २०१६ मध्ये तिथे सार्वजनिक फ्रिज सुरू झाला. उरलेलं चांगलं अन्न कुणीही ठेवावं, कुणीही न्यावं.