92 अधिक 80, उत्तर 116

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मारुतीची ग्रँड विटारा माइल्ड हायब्रिड (मोटर इंजिनाला फक्त हात देते) घ्यावी की स्ट्राँग हायब्रिड (मोटर एकटीही गाडी चालवते)? दोन्हींच्या कोटेशनमध्ये 2.40 लाखांचा फरक, आणि तो कार लोन वाढवून भागवायचा विचार. शिवाय एक शंका. स्ट्राँगचं इंजिन 92 पीएस (म्हणजे अश्वशक्ती), मोटर 80 पीएस, मग एकूण 116 च कसे?

आधी शंका घेतो, कारण पैशांचं उत्तर तिच्यातच दडलंय. मोटर 80 ची असली तरी बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची आहे, 0.76 किलोवॅट-अवर. नेक्सॉन ईव्ही या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीची लहान बॅटरीसुद्धा 30 ची असते. पंप मोठा, पाइप अर्ध्या इंचाचा. पूर्ण जोर लावला तरी बॅटरीकडून इंजिनात भर पडते ती साधारण 24 पीएसची. मोटरला त्याहून जास्त वीज लागली तर ती इंजिनच जनरेटर फिरवून पुरवतं, म्हणजे पेट्रोल जाळूनच. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात बॅटरी उतरली की भार इंजिनावर.

म्हणजे जादाचे पैसे ताकदीचे नाहीत. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा माइल्डपेक्षा बरीच जास्त परत मिळते आणि सिग्नललाच नाही, तर हळू चालतानाही इंजिन बंद राहतं, त्याचे आहेत. कोथरूड ते हिंजवडी या रांगेत ते छान जमतं, हे मान्य.

पण तुमचं रनिंग वर्षाला 9,000 किमी. शहरात माइल्ड 15 चं आणि स्ट्राँग 22 चं ॲव्हरेज देईल असं धरू (27.97 हा आकडा चाचणीतला, तो विसरा). 600 लिटरऐवजी 409 लिटर लागेल. लिटरला 104 रुपये धरले, तर वर्षाला वीस हजारांच्या आत बचत, महिन्याला साधारण 1,650. आणि 2.40 लाखांचा पाच वर्षांचा हप्ता, 9 टक्क्यांनी, 4,980 च्या आसपास. नुसतं व्याजच 59 हजार!

बॅटरी बदलायच्या खर्चाची धास्ती मात्र सोडा. 8 वर्षं किंवा 1.60 लाख किमीची वॉरंटी आहे, तोवर तुमची गाडी 72,000 वर असेल.

माइल्ड घ्या. रनिंग 18,000 असतं तर मीही घुटमळलो असतो. आणि गिअर बदलून पाय दुखतो म्हणून हायब्रिड हवी असेल, तर माइल्डच्या ऑटोमॅटिकचं कोटेशन मागवून मला पाठवा.