तोंडी हुकूम, मागची तारीख आणि गावची ओळख

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अर्ज मुदतीनंतर दोन दिवसांनी आला, साहेब सांगतात आवक रजिस्टरात मागची तारीख घाला, आणि अर्जदार तुमच्याच वाड्यावरचा. खाजगी नोकरीत तरी हा ताप नसेल ना, असंही तुम्ही विचारलंय. मी अठरा वर्षं सरकारी कार्यालयात काढली, मग गोव्यातल्याच वेर्ण्याच्या एका कारखान्यात खरेदी विभागात आलो. दोन्हीकडचं सांगतो.

मागची तारीख घालू नका. गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचेच १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत. त्यातला नियम ३ सांगतो की वरिष्ठाने आदेश शक्यतो लेखी द्यावा, तोंडी दिलाच तर लगेच लेखी कायम करावा, आणि हाताखालच्याने तशी खात्री मागावी. म्हणजे लेखी मागणं हा उद्धटपणा होत नाही, ते तुमचं कामच आहे. अर्थात साहेबांनी लेखी दिलं म्हणून खोटी नोंद खरी ठरत नाही. रजिस्टरात अक्षर तुमचं असतं. पण असे हुकूम सहसा कागदावर यायला धजत नाहीत.

माझ्यावर नेमकी हीच वेळ आली होती. अर्जदार आमच्या गावचा, जत्रेत माझ्यासोबत पालखीला खांदा देणारा. त्याच्या आईने मला लहानपणी जेवू घातलेलं. पाकीट पुढे करणाऱ्याला हाकलता येतं. गणेश चवथीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचं, सामान घेऊन दारात येणाऱ्याला काय सांगणार? मी टिप्पणी लिहून लेखी आदेश मागितला. साहेबांनी सही न करता फाईल ठेवून घेतली. चार महिन्यांनी माझी गोव्याच्या दक्षिण टोकाला काणकोणला बदली झाली, दोन वर्षं कदंबच्या सरकारी बसने जा-ये केली. तो माणूस आजही माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. पुढे ते रजिस्टर तपासणीला गेलं, तेव्हा मात्र मी रात्री शांत झोपलो.

खाजगीत रूप बदलतं, इतकंच. कुणाच्या मेव्हण्याचा टेम्पो वाहतुकीला लागतो, पुरवठादार दिवाळीला घरी येतो. नातं असेल तर कोटेशन उघडण्याआधी ईमेलने कळवा आणि त्या निर्णयातून बाजूला व्हा. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला २०१३ च्या कंपनी कायद्याने तक्रारीची यंत्रणा ठेवावीच लागते. छोट्या कंपनीत मालकाचा स्वभाव हाच नियम; नोकरी धरण्याआधी तो पाहून घ्या.

परवान्यासाठी ‘थोडं द्यावंच लागतं’ म्हणणाऱ्यांसाठी: भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवावं लागतं. कंपनीच्या फायद्यासाठी दिली, तर कंपनीही अडकते.

ताई, उद्याच एवढं लिहून वर पाठवा: ‘सदर अर्ज मुदतीनंतर प्राप्त झाला असून प्रत्यक्ष प्राप्तीच्या तारखेस नोंदवला आहे. मागील तारखेस नोंद घेण्याच्या आपल्या तोंडी सूचनेबाबत लेखी आदेश व्हावेत.’ आणि त्या शेजाऱ्याला कुणाकडून कळण्याआधी स्वतः जाऊन भेटा. त्या योजनेत विलंब माफ करायची तरतूद असेल, तर अर्ज कसा करायचा ते त्याच्या घरी बसून समजवा. मी तेवढं केलं नव्हतं.