भूल उतरल्यावर आप्पांनी मला ओळखलं नाही तर?

«मावशी, माझे वडील ७६ वर्षांचे. मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगितला. आता पित्ताशयात खडे निघालेत, दोन महिन्यांत दोनदा पोट धरून तळमळले. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं म्हणतात, पूर्ण भूल देऊन. पुण्याचा भाऊ म्हणतो, "भूल दिलीस तर उरलंसुरलं डोकंही जाईल, मग मला सांगू नकोस." सहीचा कागद माझ्यापुढं आहे. भूल उतरल्यावर आप्पांनी मला ओळखलं नाही तर?
– आप्पांची लेक, उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर»

बाळ, तुझ्या भावाची भीती खोटी नाही. डिमेन्शिया असलेल्या माणसाला ऑपरेशननंतर भ्रम होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. बहुतेकांचा तो काही दिवसांत ओसरतो, काहींना आठवडे लागतात, आणि काही जण आधी होते तिथवर परत येत नाहीत. हे तुझ्यापासून लपवून तुला सही करायला सांगणार नाही.

पण भाऊ अर्धंच बघतोय. खडा अडकून पित्ताशय सुजलं, ताप चढला, तर तो संसर्गही असाच भ्रम आणतो. मग रात्री-बेरात्री पळापळ करून आजारी अंगावर ऑपरेशन करायची वेळ येते, आणि भूल तेव्हाही द्यावीच लागते. म्हणून सर्जनना सरळ विचार: "थांबलो तर काय होईल? हे तुमचे वडील असते तर काय केलं असतं?" त्या वेळी भावाला फोनवर घे. त्याचे प्रश्न त्यालाच विचारू दे. सगळं ओझं तू एकटीनं उचलू नकोस.

शेजारीपाजारी सांगतील, पाठीतून भूल घ्या, डोक्याला धक्का लागत नाही. अमेरिका-कॅनडात खुब्याचं हाड मोडलेल्या १६०० रुग्णांचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये तो छापून आला. अर्ध्यांना पाठीतून भूल, अर्ध्यांना पूर्ण. दोन्हीकडं साधारण पाचांतल्या एकाला भ्रम झालाच. भूल कोणती, हे भूलतज्ज्ञांवर सोड. तू त्याच्या आधीचे आणि नंतरचे दिवस सांभाळ. ते घरच्यांच्या हातात असतात.

ऑपरेशनआधीची फिटनेस तपासणी करायला जाशील तेव्हा "डिमेन्शिया आहे" हे पहिलं वाक्य असू दे. आप्पांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून ने. स्मरणशक्तीसाठी डोनेपेझिलसारखी गोळी चालू असेल तर मुद्दाम सांग, कारण भुलेत स्नायू सैल करायला जी औषधं देतात त्यांच्याशी तिचा संबंध येतो. आपल्या मनानं मात्र ती बंद करू नकोस. तंबाखू खात असतील तर तेही सांग, लाजू नकोस. आणि रात्री ओरडायला लागले की आपण नर्सला म्हणतो, "झोपेचं काहीतरी द्या." बऱ्याच झोपेच्या औषधांनी अशा माणसाचा गोंधळ वाढतो. त्याबद्दल भूलतज्ज्ञांशी आधीच बोलून ठेव.

सकाळचा पहिला नंबर मागून घे. आप्पा रोज गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायचे असतील, तर त्या दिवशीही मागतील. दूध म्हणजे पाणी नव्हे, ऑपरेशनआधी किमान सहा तास ते चालत नाही. साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल ते विचारून घे, उगाच बारा तास कोरडं ठेवू नका. उपाशी राहायचंय हे ते दर दहा मिनिटांनी विसरणार. पेला नजरेआड ठेव.

आता माझं सांगते. सासूबाईंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या संध्याकाळी बघते तर त्या चादरीवरून काहीतरी वेचत होत्या. एकेक उचलायच्या, अंगठ्यानं दाबायच्या, ओटीत टाकायच्या. हातात काही नव्हतं. शेंगा सोलत होत्या! मी रडत बाहेर आले. त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र "हरवायला नको" म्हणून मीच घरी कपाटात ठेवलं होतं. दिसत नाही, ऐकू येत नाही, भोवती अनोळखी माणसं. धडधाकट माणूसही गोंधळेल. दुसऱ्या दिवशी दोन्ही लावलं, खिडकी उघडली, धरून दोन पावलं चालवलं. लगेच काही बदललं नाही. पण पाचव्या दिवशी त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "अगं, गॅस बंद करून आलीस न्हवं?"

म्हणून आप्पांचा चष्मा, कवळी, यंत्र जे असेल ते भूल उतरताच द्यायला सांग. शुद्धीवर येतील तेव्हा घरचं एक माणूस जवळ असू द्या म्हणून आधीच विनंती कर. दुखतंय हे त्यांना सांगता येणार नाही, कपाळाच्या आठ्या तू वाच आणि नर्सला सांग. लघवीची नळी लवकर काढता येईल का, विचार. आणि ते नुसते गप्प, गुंगीत पडून राहिले तर "शांत झोपलेत" म्हणून निश्चिंत होऊ नकोस. तोही भ्रमच असू शकतो, डॉक्टरांना दाखव.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मला दिसली नाही. आप्पांना विचारलंस का? सकाळी, डोकं जरा ताजं असताना, जवळ बसून विचार: "पोटातला खडा काढूया का?" उत्तर त्यांच्या ध्यानात राहणार नाही, तुझ्या राहील.

तुझा शेवटचा प्रश्न. हो, ओळखणार नाहीत असं होऊ शकतं, कदाचित काही दिवस. तेव्हा "मी कोण, सांगा बघू?" असं अजिबात विचारू नकोस. आपल्याकडं खाटेजवळ येणारा प्रत्येक जण हेच विचारतो आणि माणूस शरमून आणखी गोंधळतो. तू हात धर आणि आपणच नाव सांग, "आप्पा, मी आलेय, खडा काढलाय, आता घरी जायचं." दहादा सांगावं लागलं तर दहादा, त्याच शब्दांत. आणि भावाला चार दिवसांची रजा काढून बोलव. रात्रीची पाळी त्याची, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच "ओळखलं का म्हणून विचारू नका" हे सांगायचं कामही त्याचं.