बेदाणे, मनुका आणि पावसाळा

प्रश्न : बाजारात हिरवे, पिवळे, काळे बेदाणे मिळतात. फरक काय? चतुर्थीच्या नेवऱ्यांत (करंज्यांत) कोणते घालावेत? पावसात त्यांच्यावर पांढरे येते, ते खावेत का? (वाचक, म्हापसा)

उत्तर : फरक द्राक्षाच्या जातीइतकाच सुकवण्याचाही. तासगाव-सांगलीकडे बिनबियांची द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून सावलीत रॅकवर वाळवतात. सालीवरचा मेणाचा थर सैल पडल्याने पाणी लवकर निघते, हिरवट रंग टिकतो. पिवळ्याधमक मालाला बहुधा गंधकाची धुरी दिलेली असते. दमेकऱ्यांनी तो टाळावा. काळ्या मनुका काळ्या द्राक्षांच्या, अनेकदा बियांसकट. नाताळच्या केकला बिनबियांच्या काळ्याच घ्या.

नेवऱ्यांत लहान हिरवे घाला, पण धुतल्यावर पूर्ण कोरडे करून. ओलसर राहिले तर सारण पाझरते आणि पारी मऊ पडते.

पांढरे कण खरखरीत असून कोमट पाण्यात विरघळले तर ती साखर, खुशाल खा. कापसासारखी लव किंवा कुबट, आंबूस वास असेल तर अख्खी बरणी टाकून द्या, धुऊन भागत नाही. गोव्याच्या दमट हवेत जूनपासून बेदाणे घट्ट झाकणाच्या बरणीत, फ्रीजमध्येच ठेवा. ओला चमचा नको.