तिचं चांगलं झालं की माझ्या पोटात का दुखतं?

प्रश्न : ताई, नमस्कार. तुमचं सदर अंक हातात आला की सगळ्यात आधी वाचते, पण लिहायची हिंमत पहिल्यांदाच करतेय. मी 37 वर्षांची, अकाउंट्समध्ये नोकरी, नवरा समजूतदार, मुलगा पाचवीत, म्हणजे तक्रार करावी असं खरं तर काहीच नाही. कॉलेजला असताना माझी एक मैत्रीण होती, तीन वर्षं हॉस्टेलला एका खोलीत राहिलो, परीक्षेच्या आदल्या रात्री ती माझ्याच नोट्स घेऊन बसायची आणि मी तिला पहाटेपर्यंत समजावून सांगायचे. आज ती मोठ्या कंपनीत डायरेक्टर आहे आणि मी फक्त सीनियर अकाउंटंट. मागच्या महिन्यात तिने प्रमोशनचा फोटो टाकला. मी लगेच ‘खूप खूप अभिनंदन’ लिहून तीन हार्ट टाकले आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. त्या रात्री दीड तास तिचे जुने फोटो झूम करून बघत होते, तिच्या डोळ्यांखाली सुरकुत्या आल्यात का ते शोधत होते, सांगायला लाज वाटते पण खरं तेच आहे. माझ्या नोट्सवर पास झालेली मुलगी कुठे गेली आणि मी फक्त तिथेच. सगळे म्हणतात स्वतःला आहे तसं स्वीकार. म्हणजे नक्की करायचं काय? आणि स्वीकारलं तर मग मी आयुष्यभर इथेच राहणार ना?
– नोट्सवाली

ताईचं उत्तर : तुला ‘तू’ म्हणतेय, चालेल ना? तुझं पत्र हाताने लिहिलेलं आहे, हल्ली अशी पत्रं फार येत नाहीत म्हणून दोनदा वाचलं. दुसऱ्या पानावर एक ओळ खोडलीयस, पेन इतका दाबून की कागद थोडा फाटलाय, पण उजेडात धरल्यावर वाचता आली. ‘मी वाईट नाहीये.’ ती ओळ खोडायला नको होतीस गं. माझं उत्तर तिथूनच सुरू होतं.

तू वाईट नाहीयेस. उंची मोजायला पट्टी आहे, ताप बघायला थर्मामीटर आहे, पण ‘माझं बरं चाललंय का’ हे मोजायला कुणाकडेच काही नाही, मग माणूस शेजारच्याकडे बघतो आणि त्यावरून स्वतःचा अंदाज लावतो. लिऑन फेस्टिंगर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये हेच मांडलं होतं, आणि त्याच्या मांडणीतला मला सगळ्यात पटणारा भाग म्हणजे आपण कुणाशीही तुलना करत नाही, आपल्यासारख्याच माणसाशी करतो. फरक जितका मोठा तितकी तुलना कमी. एखाद्या सिनेनटीचा बंगला बघून तू बाथरूममध्ये जाऊन रडत नाहीस, रडतेस ती एका खोलीत, एकाच दिव्याखाली अभ्यास केलेल्या मैत्रिणीसाठी, कारण सुरुवात सेम होती. म्हणजे पोटात दुखतंय ते जवळच्या माणसामुळेच दुखतंय, आणि तिच्यावरची माया खोटी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. तू टाकलेले ते तीन हार्टसुद्धा खरे होते आणि नळ सोडून रडलीस तेही खरं होतं, दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

आता एक गोष्ट सांगते, मला ती फार उपयोगी पडलीय. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये पदकं घेणाऱ्या खेळाडूंचे व्हिडिओ मेडवेक, मेडी आणि गिलोविच या तीन संशोधकांनी लोकांना दाखवले आणि चेहऱ्यावरून कोण किती खूश दिसतंय ते विचारलं, 1995 मध्ये तो अभ्यास छापून आला. ब्राँझवाले सिल्व्हरवाल्यांपेक्षा जास्त खूश दिसले! दुसरा नंबर असून चेहरा पडलेला, का, तर त्याच्या डोळ्यासमोर हुकलेलं गोल्ड असतं, आणि तिसऱ्या नंबरच्या डोळ्यासमोर पदकाशिवाय परत जाणारा चौथा माणूस. पदक किती मोठं यापेक्षा नजर कुठे लागलीय त्याने चेहरा ठरला. पण म्हणून मी तुला ‘तुझ्यापेक्षा वाईट अवस्थेतल्या लोकांकडे बघ’ असं सांगणार नाही, तो सल्ला मला मुळीच आवडत नाही, दुसऱ्याच्या दुःखावर उभं राहून मिळालेलं समाधान फार वेळ टिकत नाही आणि त्या माणसाचा अपमान होतो तो वेगळाच.

फोटोंबद्दल एवढंच की सतत पोस्ट टाकणारी माणसंच सतत दिसतात, ज्यांचं काही विशेष चाललेलं नाही ती गप्प असतात, म्हणून फोन उघडला की वाटतं सगळं जग पुढे गेलं. आणि मैत्रिणीची प्रत्येक पोस्ट बघितलीच पाहिजे असा काही नियम नाही, महिनाभर म्यूट करून टाक, तिला कळतही नाही आणि मैत्रीही तुटत नाही. रात्री झोपायच्या आधीचा तो दीड तास पहिला बंद कर, तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली.

आता स्वीकारणं. हा शब्द आपण इतका घासून गुळगुळीत केलाय की त्याला धरायला कडाच उरली नाही. अल्बर्ट एलिस, ज्याने 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली, त्याचं म्हणणं मला सरळ वाटतं : कामाला मार्क द्या, माणसाला देऊ नका. रिपोर्ट चुकला तर चुकला म्हणा, पण ‘म्हणून मी बेकार’ हे पुढचं वाक्य जोडू नका, कारण अख्ख्या माणसाची बेरीज करून एक आकडा काढताच येत नाही. तू अकाउंट्समधली आहेस, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल, वेगवेगळ्या खात्यांतल्या नोंदी एका ओळीत आणून बेरीज करत नाही ना आपण? तू मात्र नेमकं तेच करतेयस. बघ, ‘फक्त सीनियर अकाउंटंट’ असं लिहिलंयस. पुन्हा ‘मी फक्त तिथेच’. तो ‘फक्त’ खोड. खोडायचंच होतं तर तो खोडायचा होता, ती दुसरी ओळ नव्हे. ‘मी सीनियर अकाउंटंट आहे’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघ आणि मग ‘फक्त’ लावून म्हण, माहिती तीच आहे, पण दुसऱ्या वाक्यात निकालही लागलेला आहे, आणि तो निकाल कुणी दिला?

एका वहीत आठवडाभर स्वतःबद्दल रोज चार-पाच वाक्यं लिही ज्यात फक्त, अजूनही, साधं, निदान, नुसतं हे शब्द येणार नाहीत. चांगलं-वाईट दोन्ही लिहायचं. हिशोबात माझी चूक होत नाही. चार लोकांसमोर बोलताना माझा आवाज कापतो. मुलगा रोज माझ्याजवळ येऊन शाळेतलं सांगतो. मला मैत्रिणीचा हेवा वाटतो. एवढंच, पुढे काही जोडायचं नाही. वाचायला सोपं वाटतं पण पहिल्या दिवशी हात आपोआप ‘फक्त’ लिहितो, माझा लिहायचा. माझ्या धाकट्या बहिणीचं सगळंच पटापट होत गेलं आणि कितीतरी वर्षं तिचा फोन वाजला की उचलायच्या आधी मी मन घट्ट करायचे, की आता काय नवीन ऐकावं लागणार. ती वर्षं परत मिळणार नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यातले किती तरी फोन तिने तिचं रडू सांगायला केले होते आणि माझं लक्षच नव्हतं.

स्वीकारलं तर इथेच राहीन, ही भीती जवळजवळ प्रत्येक पत्रात असते. जुलियाना ब्राइन्स आणि सरीना चेन यांनी 2012 मध्ये एक प्रयोग छापला, त्यात विद्यार्थ्यांना मुद्दाम अवघड टेस्ट दिली, बऱ्याच जणांची वाईट गेली, मग काहींना ‘अशा टेस्टमध्ये बहुतेकांना जड जातं, स्वतःवर फार चिडू नका’ अशा अर्थाचं सांगितलं. पुन्हा टेस्ट द्यायच्या आधी अभ्यासाला जास्त वेळ दिला तो याच मुलांनी. स्वतःला झोडपून माणूस पळतो थोडा वेळ, पण मग पुस्तक उघडायचीच धास्ती बसते.

आणि शेवटी तुझ्या पत्रातलं एक, जे कदाचित तुझ्याही लक्षात आलं नसेल. मला डायरेक्टर व्हायचंय असं तू एकदाही लिहिलेलं नाहीस. घर नाही, पगार नाही. लिहिलंय ते नोट्सबद्दल, इतकं की खाली नावही तेच घेतलंस. पहाटेपर्यंत समजावून सांगायचे, हे वाक्य तू जपून लिहिलंयस, अक्षरसुद्धा तिथे सुंदर आलंय. मला वाटतं तुला तिची खुर्ची नकोय, तुला समजावून सांगणारी ती मुलगी परत हवीय आणि तिचं कुणीतरी नाव घ्यायला हवंय. तसं असेल तर रस्ताच वेगळा आहे. ऑफिसमध्ये नवीन आलेल्यांना कोण शिकवतं? तू विचारून बघ. माझा अंदाज चुकलाही असेल, तर तसं कळव. आणि रडू, झोप उडणं हे रोजचंच होऊन बसलं असेल तर समुपदेशकाला भेट, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची आहे. तिला प्रेरणा मिळावी म्हणून मी ‘बघ, तुझा चुलतभाऊ किती मेहनत करतो’ असं म्हणायचो. परवा ती म्हणाली, ‘बाबा, मग त्यालाच घेऊन या.’ तेव्हापासून तिची चित्रांची वही तिने मला दाखवलेली नाही. आता काय करू?
– एक वडील

ताईचं उत्तर : तुमचा हेतू वाईट नव्हता, पण तिला जे ऐकू आलं ते ‘तू पुरेशी नाहीस’ एवढंच. तिला जाऊन सांगा, ‘मी तुझी तुलना करत होतो, माझं चुकलं.’ तीन शब्दांचं ‘पण’ जोडू नका पुढे, पण अभ्यास कर वगैरे. चुलतभावाचा विषय घरात काही महिने काढूच नका, कौतुकानेही नको. वही मागू नका, टेबलावर दिसली तरी उघडू नका. ती स्वतः दाखवेल तेव्हा ‘छान’ म्हणून परत देऊ नका, एका चित्रासमोर थांबा, चार-पाच मिनिटं नीट बघा आणि ही रेघ अशी का वळवलीस ते विचारा.