प्रयोगशील कादंबरी लिहायचीये, प्लॉट, काळ, विरामचिन्हं सगळं एकदम मोडलं तर चालेल का?

मोडता येईल, पण वाचक टिकणं फार अवघड, म्हणून आधी एकच मोठा नियम मोडा आणि बाकीचं घट्ट धरून ठेवा. मी हे वाचक म्हणून सांगतोय, ज्या प्रयोगशील कादंबऱ्या मी शेवटपर्यंत वाचू शकलो त्यांत हेच दिसतं. नेमाड्यांची कोसला (१९६३) घ्या, रूढ अर्थाने प्लॉट नाहीच, मध्येच डायरी सुरू होते, तरी पुस्तक सुटत नाही कारण गोष्ट सांगणाऱ्या पांडुरंग सांगवीकरचा आवाज पक्का आहे. त्याच वर्षी आलेल्या अर्जेंटिनाच्या हुलिओ कोर्तासारच्या रायुएला या कादंबरीत १५५ प्रकरणं, सरळ वाचायचं तर ५६ वर थांबा नाहीतर ७३ पासून सुरू करून उड्या मारत जा, पण लेखक वाचनाचा क्रम स्वतः लिहून देतो, वाचकाला वाऱ्यावर सोडत नाही. आणि फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक! १९६९ मध्ये त्याने फ्रेंचमधलं सगळ्यात जास्त लागणारं ई (e) हे अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली, गोष्ट मात्र गायब झालेल्या माणसाच्या शोधाची, म्हणजे जे भाषेतून गेलंय तेच कथेतही हरवलंय. हे खरं शिकण्यासारखं आहे, स्वतःला विचारा:

- हा नियम मोडल्याशिवाय माझी गोष्ट सांगताच येत नाही का?
- वाचकाने धरायचं काय, आवाज, पात्र की रहस्य?

फक्त चार-पाच पानांची कथा असेल तर एकाच वेळी बरंच मोडलं तरी खपतं, कारण वाचकाला तेवढाच वेळ तग धरायचा असतो.